जालन्याच्या जिनातली हातांची बोली

माझी धाकटी बहीण वत्सला जालन्यात बाळंत झाली. आई हयात असती तर ती पहिल्या बाळंतपणाला नाशकाला माहेरी आली असती. आई नाही, म्हणून माहेरच तिच्याकडे गेलं, म्हणजे मी गेले. सोबत डिंकाच्या लाडवांचा डबा, बाळंतिणीच्या काढ्याची पुडकी आणि माझी सात वर्षांची सुमन. परत आल्यापासून आळीतल्या बायका विचारतात, मोगलाईत एवढं होतं तरी काय, की तुम्ही जाताना रडत गेलात आणि येताना हसत आलात? प्रत्येकीला वेगळं सांगून घसा बसला. म्हणून एकदाच लिहून काढते.

सुमन जन्मापासून बहिरी. ताट पडलं, फटाका वाजला, हिचं लक्ष नाही. बोलणं तर नाहीच. हवी ती वस्तू दिसली की बोट दाखवायची, दिसली नाही की आदळआपट. आमच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, की मेंदूत बोलण्याची एक जागा असते, तिला कानातून खुराक मिळतो, आणि तो मिळाला नाही की ती जागा वाळून जाते. त्यानंतर एका मोठ्या शहरातल्या मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत नेलं. तिथल्या मास्तरांनी चित्रं मांडून ओठ हलवून काही विचारलं. ही खिडकीतून कावळा बघत बसली. ते म्हणाले, "नुसतं बहिरेपण असतं तर घेतली असती. पण हिला समजच नाही." मतिमंद मुलांना कायमचं ठेवून घेणारा एक आश्रम त्यांनी सुचवला. होळीनंतर तिला तिथे पोचवायचं, असं घरात ठरत आलं होतं. आमचे हे मामलेदार कचेरीत कारकून, तोलून मापून बोलणारे. मला गाडीत बसवून देताना एवढंच म्हणाले, "तिच्या डोक्यात काही चालतं की नाही, हे कळलं असतं तर मी तिला कुठेच पाठवली नसती."

मनमाडपर्यंत मी पदराला डोळे पुसत होते.

मनमाडच्या पुढे

मनमाडला गाडी बदलावी लागते. निजामाची गाडी अरुंद रुळांवरची, डबा बुटका आणि लोक उंच, असं मला उगाच वाटलं. पाट्यांवर उर्दू अक्षरं आली आणि आपण दुसऱ्या राज्यात, निजामाच्या मोगलाईत, शिरलो हे कळलं. लगेच करोडगिरीचा शिपाई आला. बाहेरून येणाऱ्या मालावर जकात घेणारं हे खातं. माझ्या डब्याचा वास त्याला आला असावा. "इसमें क्या है?" म्हणत त्यानं एक लाडू फोडून पाहिला, मग खात्री पटेना म्हणून दुसरा. तिसऱ्याला हात घातला तेव्हा मी डबा मांडीवर ओढला. म्हटलं, "अहो, बाळंतिणीला काही ठेवा!" तो हसला आणि सुमनला नाव विचारू लागला. ही त्याच्या पितळी बिल्ल्याकडे टक लावून बसलेली. "बच्ची शरमाती है," असं म्हणून तो गेला. शरमाती है! हे ऐकायला किती बरं वाटलं ते काय सांगू. घरी तिला कुणी लाजाळू म्हणत नाही.

जालना

वत्सलेचे यजमान माधवराव जिनात इंजिनाची देखभाल करतात. जिन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. जालन्यात अशी जिनं बरीच, आणि हिवाळा म्हणजे त्यांच्या लगीनसराईचे दिवस. गावात शिरलं की कापसानं फुगलेल्या गाड्याच गाड्या. बाभळीच्या काट्यांनी त्यांच्यातून ओरबाडलेला कापूस रस्ताभर लोंबत असतो. माधवरावांची खोली जिनाच्या आवारातच. सकाळी इंजिन सुरू झालं की मांडणीतली भांडी किणकिणायला लागतात. वत्सलेचं बाळ त्या घरघरीत गाढ झोपायचं आणि दुपारच्या सुटीत इंजिन थांबलं की दचकून रडायचं. असं उलट्या चालीचं बाळ मी पाहिलं नव्हतं.

जेवणाचं म्हणाल तर ज्वारीची भाकरी, आणि तिखट असं की पहिल्या दिवशी ठेच्यानं माझ्या कानांतून धूर निघाला. आम्ही नाशिककर स्वतःला तिखट खाणारे समजतो. वत्सलेकडे पाणी भरायला येणारी बाई म्हणाली, "ताई, ह्यो तर पोरांचा ठेचा हाय." नंतर दह्यासोबत धपाटे मिळाले तेव्हा कुठे माझा जीव थंड झाला.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सुमन हरवली. मी वत्सलेला शेक देत होते, वळून पाहते तर दार उघडं. आवाज देऊन उपयोग नाही, अशी मुलगी हरवली म्हणजे काय होतं ते तिच्या आईलाच ठाऊक. आवारभर धावले. शेवटी जिनाच्या लांबलचक छपरात शिरले. आत यंत्रांचा असा गदारोळ, की स्वतःचा विचारही ऐकू येईना. हवेत रुईचा धुराळा, माणसांच्या भुवया पांढऱ्या. यंत्रांपासून दूर, भिंतीकडेला, बायकांची रांग कापसातला पालापाचोळा आणि डागी बोंडं निवडत बसली होती. त्यांच्या मधोमध माझी सुमन, केसांत रुई माखून, कापूस निवडत होती.

मी ओरडून शेजारच्या बाईला सांगू लागले, की हिला ऐकू येत नाही, चुकून आली असेल. त्या बाईनं कानाकडे बोट नेऊन हात हलवला. त्या गोंगाटात तिलाच काही ऐकू येत नव्हतं. तिनं हातानंच विचारलं, ही तुझी का? मी मान हलवली. तिनं हातानंच सांगितलं, राहू दे. सुमनचा हात धरून ओढू लागले तर तिनं तो असा सोडवून घेतला, की मी थक्क झाले. हट्टाचं तोंड मला पाठ होतं. हे तसं नव्हतं. हा कामात असलेल्या माणसाचा वैताग होता. मी तिला तिथेच सोडून घरी आले.

मग रोजचंच झालं. न्याहारी झाली की सुमन जिनात, दुपारी इंजिन थांबलं की मी तिला जेवायला घरी आणायचे आणि ते सुरू झालं की ती परत तिथे. मला बाळंतिणीचं करता करता उसंत नसायची, आणि खरं सांगायचं तर मुलगी दिवसभर कुठे तरी खुशीत आहे याचंच मला अप्रूप होतं. अधूनमधून दारातून डोकावायचे. त्या गोंगाटात तोंडानं बोलणं शक्यच नाही, म्हणून त्या बायका हातांनी बोलतात. नुसतं पाणी हवं, टोपली सरकव, एवढंच नाही. चांगल्या गप्पा ठोकतात. मिशीला पीळ दिला की मुकादम. पदर पुढे ओढून तोंड वाकडं केलं की सासू. हात खांद्यावरून मागे टाकला की काल, पुढे फेकला की उद्या. गाल फुगवून त्यावर बोट टोचलं की थाप. एक बाई काही तरी सांगायची आणि पुढच्या क्षणी रांगेच्या त्या टोकाची बाई पोट धरून हसायची. माझ्या नजरेला सगळं धावतं दिसायचं, नीट उकलायचं नाही.

बारसं

बारसं आठवड्याच्या सुटीच्या दिवशी ठेवलं. जिन बंद, आवार शांत. जिनातल्या बायका धुतलेली लुगडी नेसून आल्या. त्यांत रहिमतबी होती. पहिल्या दिवशी सुमनला राहू दे म्हणाली होती ती हीच. ही रांगेची म्होरकी, घरी उर्दू आणि बाहेर मराठी बोलणारी, आवाज खणखणीत. दुसरी सोनाबाई, ठेंगणी आणि हसरी.

बारशाचं बोलावणं करताना माधवरावांनी हिचं नाव सांगितलं होतं. रहिमतबीनं उंबऱ्यातूनच हाक मारली, "सुमन! ए सुमन, इकडं ये!" सुमन पाठमोरी होती. हिनं पुन्हा हाक मारली, मग माझ्याकडे वळून कपाळाला आठी घातली. "आज गुस्सा हाय का पोरगी? बोलून न्हाई राह्यली."

मी म्हटलं, "तिला ऐकू येत नाही, बाई. बहिरी आहे ती. जन्मापासून बोलत नाही."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग रहिमतबी फसकन हसली.

"झूट! ही मुकी? आल्यापासून माझं डोकं खाऊन राह्यली. मी तिला म्हणलं बी, जरा चूप बैस, हात चालव."

"माझी थट्टा करू नका," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"थट्टा कशाची ताई?" सोनाबाई मधे पडली. "परवा तिनंच सांगितलं न्हाई का, तुमच्या बहिणीचं बाळ टकलं हाय म्हणून. दावा बरं, खरंच टकलं हाय का?"

वत्सलेच्या बाळाच्या डोक्यावर सदा कुंची. सोनाबाई तोवर खोलीत आलीही नव्हती. मी कुंची वर केली. बाळाच्या डोक्यावर एक केस नाही. बायकांमध्ये हशा पिकला.

"आन् तुम्ही शिऱ्याचं पातेलं जाळल्तं," रहिमतबी बोटांवर मोजत म्हणाली, "मंग पातेल्याकडं बोट दावून दावून बहिणीवरच खेकसल्या. मंग ती रडली. मंग तुम्ही बी रडल्या. बराबर हाय का न्हाई?"

बराबर होतं. अगदी बराबर. आमच्या खोलीतली गोष्ट जिनात पोचली होती, आणि पोचवणारी माझी मुकी लेक होती. मी तिथेच पाळण्याच्या दोरीला धरून उभी राहिले. वत्सला म्हणाली, "ताई, अगं रडतेस काय, बारसं आहे!" पण तीही रडत होती.

हिला ऐकू येतं असं समजण्याची त्या बायकांची चूक दुसरीकडे कुठेही झाली नसती. जिनात सगळेच बहिरे. तिथे कुणाचे कान चालतात आणि कुणाचे नाहीत हे कळायला वावच नाही. म्हणून त्यांनी हिला कीव करून वागवलं नाही, हळू हळू ओठ हलवून शिकवलं नाही. इतरांशी जसं बोलतात तसं बोलल्या, चुकली तर दटावली, बडबडली तर गप्प बसवली. माझ्या मुलीला कुणीतरी "जास्त बोलू नकोस" म्हणालं, याचे उपकार मी कसे फेडू?

मी रहिमतबीचे हात हातात घेतले. ती संकोचली. "आमी काय केलं बाई? आमी तं काम करून राह्यलो."

त्यानंतर मी सुमनपाशी बसून बघायला शिकले. आधी "काल", मग माणूस, मग काय घडलं, असा तिच्या हातांचा क्रम असायचा. आणि सगळं काही बायकांकडून उचललेलं नव्हतं. बाळासाठी तिनं स्वतःच खूण जुळवली होती. पाळण्याचा झोका द्यायचा आणि मग डोक्यावरून गुळगुळीत हात फिरवायचा. हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. तिच्या डोक्यानं दोन खुणा घेऊन तिसरी केली होती.

डॉक्टरसाहेब

रुईच्या धुराळ्यानं सुमनला खोकला धरला. माधवराव आम्हांला बाजारातल्या डॉक्टरसाहेबांकडे घेऊन गेले. म्हातारे गृहस्थ, हैदराबादेत शिकलेले, शेरवानीचं वरचं बटण तुटलेलं. आधी त्यांनी मला झापलं. जिन ही मुलांची जागा नाही, नाकातोंडाला फडकं बांधल्याशिवाय पाठवू नका, आणि थोडाच वेळ पाठवा. बरोबरच होतं. नंतर मी भीत भीत आमच्या डॉक्टरांचं मत सांगितलं, मेंदूतली जागा वाळते ते.

त्यांनी चष्मा पुसला. "माझ्याकडे एक धोबी यायचा. पैदायशी, जन्माचा बहिरा. घरातले सगळे त्याच्याशी हातानं बोलायचे, तो बी हातानंच. एक दिन त्याची बायको रडत आली, म्हणाली, साहेब, माझा माणूस मुका झाला. कंपाउंडर हसला, म्हणे मुका तर पहिल्यापासून होता. मी जाऊन पाह्यलं. त्याला लकव्याचा झटका आल्ता. उजवा हात गेला, मगर डावा साबूत. डाव्या हातानं बिडी पेटवी, कप उचली. पण त्या चांगल्या हातानं बायकोशी बोलायला जाई तर सगळी गडबड. एक खूण सुरू करी, दुसरीच होई."

"म्हणजे?"

"म्हणजे हात न्हाई बिघडला, बाई. मेंदूत बोलण्याची जागा बिघडली. आमच्या जबानवाल्या लोकांची तशा झटक्यात जी जाते, तीच. मी समजतो, ती जागा कानाची न्हाई, बोलण्याची हाय. बोलणं कुठून बी आत येऊ द्या." मग हात उंचावून म्हणाले, "ही एका म्हाताऱ्या डॉक्टरची समज. किताबात लिहिलेली मी वाचली न्हाई."

मला किताब नको होती. घराचं पुढचं दार बंद असलं म्हणून घर ओस पडत नाही, माणसं परसदारानं येतात जातात. आमच्या डॉक्टरांनी पुढचं दार ठोठावलं होतं आणि आत कुणी नाही म्हणून ते परत फिरले होते. डॉक्टरसाहेबांनी फी घेतली नाही. सुमननं त्यांची खूण केली, गळ्याशी तुटकं बटण. ते ओळखून इतके खूश झाले, की तिला खडीसाखर दिली.

राजूर

सासूबाईंनी निघताना बजावलं होतं, की जालन्याहून राजूरच्या गणपतीला जा आणि पोरीला वाचा फुटली तर नारळांचं तोरण बांधीन असा नवस बोलून ये. राजूरला जायला सर्व्हिस मोटार. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून ती कोळशाच्या धुरावर चालवलेली. मागे बंबासारखं धूड, त्यात क्लीनर कोळसे घालतो. चढ आला की मोटारीला दम लागायचा आणि पुरुषमंडळी उतरून ढकलायची. एका चढावर तर ती मागेच यायला लागली. क्लीनरनं चाकाखाली धोंडा घातला नसता तर आम्ही उलटे जालन्यात पोचलो असतो.

मोटार थंड व्हायची वाट बघत होतो, तर शेजारच्या शेतात हुरडा भाजणं चाललं होतं. हसनाबादचे एक शेतकरी आणि त्यांची कारभारीण आमच्याच मोटारीत होते, ते शेत त्यांच्या व्याह्यांचं निघालं. लगेच बोलावणं. गरम हुरडा, वर शेंगदाण्याची चटणी, आणि कुणीही "कोण तुम्ही" असं विचारलं नाही. सुमननं भराभर हात हलवून काहीतरी विचारलं. कारभारणीनं मला विचारलं, "लेक मुकी हाय का वं?"

आजवर या प्रश्नाला मी खाली मान घालून होय म्हणत आले होते. त्या दिवशी म्हटलं, "ऐकू येत नाही तिला. बोलते मात्र फार. आत्ता विचारते आहे, मोटार थकली का?"

"थकली गं माय," ती सुमनला म्हणाली आणि मोटारीकडे बोट करून धापा टाकून दाखवल्या. सुमन खदाखदा हसली.

टेकडीवर देवळात गर्दी होती. गाभाऱ्यासमोर उभी राहिले आणि नवस बोलता येईना. मागायचं काय? मी बाहेर आले, नारळांचं तोरण विकत घेतलं आणि तेव्हाच बांधून टाकलं. पुजारी म्हणाले, "नवस कधीचा?" म्हटलं, "बोलायच्या आधीच पावला." त्यांना हे रोजचंच असावं. त्यांनी प्रसाद दिला आणि पुढच्या माणसाकडे वळले.

नाशिक

निघताना रहिमतबी ठेसनावर आली होती. गाडी सुटेस्तोवर ती आणि सुमन खिडकीच्या गजांतून बोलत होत्या. मला थोडंच समजलं. मागे टाकलेले हात होते, पुढे फेकलेलेही होते.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी वाचा तोंडाला मागितली होती." पण संध्याकाळी त्याच सुमनकडून सासूची खूण शिकत बसल्या आणि लटक्या रागानं तिला बुक्की दाखवत होत्या.

हे कचेरीतून आले. मी जिनाचं, बारशाचं, धोब्याचं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तू आई आहेस. तुला दिसणारच."

एवढ्यात सुमन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. हात खांद्यावरून मागे टाकला, मग गाडी, मग झाडं, मग अंगावर पट्टे ओढले आणि दोन्ही पंजे उगारले. हे दचकले. "काय म्हणते?"

"म्हणते, येताना गाडीच्या मागे वाघ लागला होता."

"वाघ?" ते ताडकन उभे राहिले. "आणि तू मला बोलली नाहीस? कुठे? मनमाडच्या अलीकडे का?"

"अहो, वाघबिघ काही नव्हता. थाप मारते आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. सुमनच्या डोळ्यांत खट्याळपणा मावत नव्हता.

"थाप?" ते हळूच म्हणाले. "नसलेला वाघ? तो तिनं कुठून आणला?"

"डोक्यातून," मी म्हटलं.

ते खाली बसले, पार जमिनीवर, कचेरीचा कोट अंगात असतानाच. डोळे पुसले नाहीत, पुसायचं त्यांना सुचलंच नसावं. "हिला कुठेही पाठवायची नाही," ते म्हणाले. मग त्यांनी अवघडत आपले दोन्ही हात वर केले, बोटं वाकडी केली आणि भुवया उंचावून लेकीला विचारलं, एवढा?

सुमननं नापसंतीनं मान हलवली. त्यांची बोटं एकेक धरून नीट वाकवली, आणि मग त्यांचे हात दोन्हीकडे लांबवर ओढले, ते म्हणाले पुरे तरी ओढतच राहिली.